फणी, बोगदे आणि उटीची गाडी

रविवार, १५ मार्च. रात्री साडेअकरा.

आज अख्खी दुपार मे महिन्याच्या ट्रिपमध्ये गेली आणि कपाट आवरायचं राहिलं ते राहिलंच. दरवर्षी आमचं आधी ठिकाण ठरतं, मग हॉटेल, आणि गाडीचं काय ते नंतर बघू. ह्या वेळी लेकाने उलटं करायला लावलं. आधी डोंगरातली छोटी आगगाडी ठरवायची, ती जिथे नेईल तिथे जायचं. दहा वर्षांचं कार्टं, पण मुद्दा पटला मला.

हे सगळं खूळ माथेरानपासूनचं. गेल्या मे मध्ये नेरळला पोचलो तर तिकिटं संपलेली, मग टॅक्सीने दस्तुरी नाका आणि अमन लॉजहून शटल. नीट बसतोय न बसतोय तोवर माथेरान आलंसुद्धा, आणि तो वन किस टनेल, ज्याच्यासाठी एवढा हट्ट, तो राहिला खालीच. १९०७ सालापासूनची गाडी आणि आमच्या वाट्याला नुसतं शेपूट!

तर आज पर्याय काढले. कालका-शिमला नवऱ्याची लाडकी, १९०३ सालची, ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे. पण डोंबिवलीहून कालकापर्यंत जाऊन यायचं म्हणजे सुट्टी सगळी मोठ्या गाडीतच संपायची. दार्जिलिंग तर आणखी लांब. लेक म्हणाला की युनेस्कोच्या यादीत पहिला नंबर दार्जिलिंगचा, १९९९ ला, निलगिरी २००५ आणि शिमला २००८, म्हणून त्याच क्रमाने जाऊया. बाबा रे, तू कमवायला लाग, मग जाऊ क्रमाने.

शेवटी उटी, म्हणजे तीच निलगिरीची गाडी. मेट्टुपाळयम ते उटी ४६ किलोमीटर, आणि ह्या गाडीची गंमत म्हणजे कल्लारपासून कुन्नूरपर्यंत रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत, कारण चढ बारास एक (बारा फूट पुढे गेलं की एक फूट वर), तिथे नुसती चाकं घसरतील. आई (सासूबाई) म्हणाल्या दातेरी म्हणजे कसं, तर नवऱ्याने त्यांची फणी घेतली, स्वतःचा कंगवा घेतला, दोन्ही शेजारी धरून कंगवा अर्धा दात पुढे सरकवला. दोन पट्ट्या अशाच मागेपुढे असतात म्हणे, म्हणजे इंजिनाच्या दातेरी चाकाचा एक तरी दात कायम कुठेतरी अडकलेला राहतो. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कळलं. आता माझी फणी धुऊन ठेव."

आणि इंजिन मागून ढकलतं! मला हे आजच कळलं. वाफेचं इंजिन खालच्या बाजूला, डबे पुढे, म्हणजे पहिल्या डब्यासमोर नुसती दरी. कुन्नूरला मग डिझेल लागतं. सकाळी सातच्या सुमारास निघालेली गाडी दुपारी बाराला वर, लेकाने लगेच भागाकार करून सांगितलं की ताशी दहाच्याही आत. "सायकलने जाईन मी त्यापेक्षा," म्हणे. जा.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. आईंचे गुडघे, पाच तास एका बाकावर. उतरताना साडेतीन तासच लागतात, मग नुसतं उतरतानाच बसूया असं मी सुचवून पाहिलं, तर घरात जणू मी श्राद्धाला पिझ्झा मागवला. चढायचंच! बरं, मध्ये हिलग्रोव्हला इंजिन पाणी प्यायला थांबतं, तिथे पाय मोकळे करता येतील, फक्त माकडं फार आहेत म्हणतात, तेव्हा धपाटे बॅगेतच ठेवायचे.

येताना सरळ बस. उटीत काय बघायचं ते अजून कुणी विचारलेलंही नाही.

साठ दिवस आधी बुकिंग उघडतं, म्हणजे १५ मे च्या गाडीचं उद्या सकाळी आठला. पावणेआठचा गजर लावलाय, नवरा लॅपटॉपवर, मी मोबाइलवर. पाचही तिकिटं मिळाली तरच कोइंबतूरपर्यंतचं पुढे, नाहीतर सगळंच परत पहिल्यापासून. तरी आत्ता पाणी प्यायला उठले तर आई हॉलमध्ये फोनवर नाशिकच्या मावशींना सांगत होत्या, "अगं, दातांची गाडी असते ती."