पोटात काहीतरी गेलं ना!

लहान मूल असलेल्या घरी पाहुणे आले की पहिलं वाक्य "किती वाळलीये गं ही" आणि दुसरं "ज्यूस देता की नाही हिला?", मधे श्वास घ्यायलासुद्धा कुणी थांबत नाही. मूल चांगलं गुटगुटीत असलं तरी पाहुण्यांना ते वाळलेलंच दिसतं, त्याला इलाज नाही. ज्यूस कशाला, तर व्हिटॅमिन मिळतं. कुठलं मिळतं हे कुणी विचारत नाही आणि सांगतही नाही. फळात व्हिटॅमिन असतं, फळ पिळलं की ते बाहेर येतं, झालं.

आमच्याकडे तर हा विषय फारच नाजूक आहे कारण सासर जालन्याकडचं. म्हणजे मोसंबी आमच्याकडे किलोवर येत नाही, पोत्यानं येते. आमची मुलगी चिऊ आता दोन वर्षांची झालीये आणि बाबा (सासरे) स्वतः बसून तिच्यासाठी रस काढतात, त्यात कुणाला हात लावू देत नाहीत. बी नको, गर नको, साल पिळली गेली तर कडवट होतो म्हणून जास्त दाबायचं नाही, मग बारीक गाळणीतनं गाळायचा. फळातली चोथ्याची, म्हणजे मुलाच्या पोटाच्या खऱ्या कामाची गोष्ट गाळणीत राहते आणि गोड पाणी तेवढं पेल्यात उतरतं, पण हे त्यांना सांगायची माझी हिंमत नाही. चिऊ दोन्ही हातांनी पेला धरून गटागटा पिते, वर पांढरी मिशी, आणि बाबांचा चेहरा बघण्यासारखा असतो. "चला, पोटात काहीतरी गेलं!"

माझं असं मत झालंय की ज्यूस हा मुलांपेक्षा देणाऱ्यासाठी असतो. मोसंबीची फोड दिली तर मूल ती आधी चोखतं, मग चावतं, मग उरलेला चोथा तुमच्या हातावर काढून ठेवतं, अर्धी फोड सोफ्याच्या फटीत जाते आणि शेवटी किती खाल्लं याचा काही हिशोबच लागत नाही. पेला कसा, रिकामा झालेला दिसतो. आपल्याला रिकामा पेला बघायचा असतो. मग जेवणाच्या वेळेला वरणभाताचा घास तोंडाशी नेला की ती मान फिरवते, कारण पोट आधीच भरलंय, आणि घरात पुन्हा चर्चा सुरू, ही जेवत नाही हो, अशक्तपणा येईल, हिला जरा ज्यूस देत जा.

यात हॉस्पिटलचाही हात आहे असं मला वाटतं. कुठल्याही मोठ्या दवाखान्याबाहेर बघा, शहाळीवाला आणि मोसंबी ज्यूसवाला असतोच. सलाईन निघालं की मोसंबीचा रस, हे आपण पिढ्यान् पिढ्या बघत आलोय, मग जो कोणी लहान, म्हातारा किंवा किडकिडीत दिसेल त्याला आपण पेशंटच्या रांगेत बसवतो.

डॉक्टरांकडे विषय काढला तर त्यांनी सरळच सांगितलं. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची 2019 ची शिफारस आहे की दोन वर्षांच्या आत फळांचे रस टाळा, दोन ते पाच वर्षांत द्यायचाच झाला तर दिवसाला 125 मिली, तोही ताजा. 125 मिली म्हणजे आपला नेहमीचा चहाचा कप, तोसुद्धा काठोकाठ नाही. आणि एवढ्याशा संत्र्याच्या रसात सुद्धा दोन-अडीच चमचे साखर असते, फळाची स्वतःची, वरनं न घातलेली. बाटलीतनं चोखत चोखत झोपवलं तर ती दातांवरच बसून राहते. सफरचंदाच्या ज्यूसनं काही मुलांना पातळ शी होते कारण त्यात सॉर्बिटॉल नावाची, पोटात नीट न शोषली जाणारी साखर असते. डबाबंद ज्यूसचं तर मी बोलतच नाही, "फ्रूट ड्रिंक" लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात नियमाप्रमाणे दहा टक्के रस असला तरी चालतो, बाकी पाणी, साखर आणि खोक्यावरचं आंब्याचं चित्र.

बरं व्हिटॅमिन सी म्हणाल तर या वयाला लागतं किती, दिवसाला 30 मिलिग्रॅमच्या आसपास. शंभर ग्रॅम संत्र्यात साधारण 50 असतं आणि शंभर ग्रॅम पेरूत 200 च्या वर! म्हणजे पिकलेल्या मऊ पेरूचा, बिया काढून, जेमतेम एक-दोन चमचे गर खाल्ला की दिवसाचं काम झालं. पण पेरूला मान नाही. तो गाडीवर तिखटमीठ लावून मिळतो, स्वस्त असतो, शिवाय "सर्दी होईल" हा शिक्का कपाळावर. कुणी पेशंटला भेटायला पेरू घेऊन गेलेलं मी तरी बघितलं नाही.

मग हे रसाचं वेड आलं कुठनं? शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोप-अमेरिकेत बाटलीच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना स्कर्व्ही व्हायची, हिरड्या सुजायच्या, हाडं दुखायची, कारण तापवलेल्या दुधात सी उरायचंच नाही. तिथं चमचाभर संत्र्याचा रस हे खरोखर औषध होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये तर सरकारच लहान मुलांना संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर ऑइल वाटायचं. आईचं दूध पिणाऱ्या बाळाला त्यातनं सी मिळतं, पुढे ते घरचं खायला लागतं, पण पूर्वीच्या औषधाची सवय मागे राहिली आणि औषध चमच्यातनं पेल्यात आलं.

आपल्याकडच्या मुलांना खरी कमी असते ती लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची जवळजवळ 69 टक्के मुलं ॲनिमिक निघाली. मोसंबीच्या रसात लोह नावापुरतं. पण डाळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगी लागायला सी मदत करतं, म्हणजे ते जेवणासोबत पोटात जायला हवं, अकरा वाजता रिकाम्यापोटी पेलाभर नाही. आणि हे वाचल्यावर मला हसूच आलं, कारण वरणभातावर वरनं लिंबू पिळायचं हे आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. चिऊचा फळांचा रस इतके दिवस ताटातच होता, डाव्या बाजूला, मिठाशेजारी.

बाबांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. "डॉक्टर म्हणाले अर्धा पेला, आणि जेवणानंतर" एवढंच म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "तुझ्या डॉक्टरला म्हणावं, मोसंबीच्या बागेत लहानाचा मोठा झालोय मी." पण ऐकलं. आता ते तिला समोर बसवून फोडी सोलून देतात, पापुद्रा काढून, बिया काढून, आणि एकेक फोड तोंडात जाईपर्यंत अर्धा तास जातो, दोघांचाही मजेत.

प्रश्न फक्त उरलेल्या मोसंबीचा आहे. पोतं काही लहान झालेलं नाही आणि रस काढायची सवय हाताला आहेच, मग "वाया कशाला घालवायचा" म्हणून तो रस बाबाच पितात. त्यांना डायबेटीस आहे. परवा रिपोर्ट आले तेव्हापासून सासूबाईंनी रसाचं भांडं माळ्यावर टाकलंय आणि बाबा मला विचारत होते, त्या तुझ्या डॉक्टरांनी मोठ्या माणसांचं काही सांगितलं का गं.