कार्डावर शब्द आधीच छापलेले होते

क्रिप्टो वॉलेट सेटअप करून देणं हे माझं कामच आहे, त्यामुळे बॉक्स बघून सहसा काही वाटत नाही. पण त्या दिवशी एक काका आले, हार्डवेअर वॉलेट, म्हणजे क्रिप्टोची किल्ली सांभाळणारं छोटं डिव्हाइस, स्वतःच चालू करून आणलेलं, आता एक्सचेंजवरची, म्हणजे क्रिप्टो घेतात-विकतात त्या साइटवरची, सगळी रक्कम त्यात हलवायची म्हणाले. मी सहज विचारलं, रिकव्हरीचे शब्द कुठे लिहून ठेवलेत? त्यांनी खुशीत एक कार्ड पुढे केलं, नाण्याने खरवडायचं असतं ना तसलं, आणि त्यावर २४ शब्द छापलेले!

म्हटलं काका थांबा, एक रुपयाही हलवू नका.

त्यांना पटेना. म्हणे थोडे टाकून बघितलेत, आठवडा झाला, जागेवर आहेत. अहो राहणारच, ज्याने कार्ड छापलं तो किरकोळ रकमेला हात कशाला लावेल, मोठी यायची वाट बघत बसलाय तो. ते शब्द म्हणजेच किल्ली, डिव्हाइस काकांच्या खिशात असलं तरी तो कुठूनही पैसे काढू शकतो. शब्द डिव्हाइसने स्वतः तयार करून फक्त स्वतःच्या स्क्रीनवर दाखवायचे असतात, कंपनी ते छापून पाठवतच नाही. काकांनी ते डिव्हाइस कुठल्यातरी तिसऱ्याच विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलेलं. रीसेट करून वापरू का म्हणाले, मी नको म्हटलं, आतमध्ये काय केलंय कोण सांगणार. टाकलेली रक्कम आधी परत एक्सचेंजवर घेतली.

नवीन डिव्हाइस थेट कंपनीकडून मागवलं. शब्द स्क्रीनवर यायला लागले तसा काकांचा हात मोबाइलकडे, फोटो काढायला! फोटो क्लाउडवर जातो, म्हणून फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लावला, मी पण पाठ करून बसलो, ते शब्द मलाही दिसायला नकोत.

मग माझी नेहमीची सवय, पैसे टाकायच्या आधीच डिव्हाइस पूर्ण पुसायचं आणि कागदावरून परत उभं करायचं. लोकांना हा निव्वळ टाइमपास वाटतो. काकांनी चोवीसच्या चोवीस शब्द भरले आणि डिव्हाइस म्हणे फ्रेज, म्हणजे ही शब्दांची ओळ, चुकीची. प्रत्येक शब्द तर घेतला होता! मी एवढंच विचारलं, एखादं अक्षर दोन प्रकारे वाचता येतंय का? बराच वेळ कागद चष्म्याजवळ धरून बसले. लिहिताना 'वुड' लिहिलेलं, पण शेवटचा डी असा काढलेला की वाचताना 'वूल' वाचलं, आणि २०४८ शब्दांच्या त्या यादीत दोन्ही आहेत त्यामुळे डिव्हाइसने तिथे अडवलं नाही. शेवटच्या शब्दात चेकसम असतो, म्हणजे बाकीचे शब्द जुळतात का ते तपासणारा हिशोब, त्यात पकडलं गेलं. नशीब म्हणा, कारण क्वचित चुकीची फ्रेजसुद्धा त्यातून पास होते आणि समोर रिकामं वॉलेट उघडतं.

कागद नवीन लिहिला, सगळा कॅपिटलमध्ये, परत पुसलं, परत भरलं, मग उघडलं. रक्कम ज्यावर पाठवायची तो वॉलेटचा पत्ता कॉम्प्युटरवरचा आणि डिव्हाइसच्या स्क्रीनवरचा अक्षर न् अक्षर जुळवला, कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात म्हणून. पासफ्रेज, म्हणजे शब्दांच्या जोडीला आपणच ठरवलेला जादा पासवर्ड, पण लावू का, त्यांनी विचारलं. म्हटलं तूर्तास नको, तो विसरलात तर मीही काही करू शकणार नाही. रक्कम त्यांनी तीन हप्त्यांत हलवली, दरवेळी मला फोन करून.