तिसरा हात सुटेपर्यंत

बुधवार, रात्रीचे पावणेअकरा

आज प्रॅक्टिकलला अँड गेटची (सगळे सिग्नल एकदम आले तरच उत्तर देणारी) तयार चिप कपाटातच ठेवली आणि आकाशातून येणाऱ्या कणांचा अभ्यास करणाऱ्या ब्रूनो रॉसी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाचं सर्किट लावायला घेतलं. त्याने व्हॅक्यूम ट्यूब वापरल्या होत्या, आम्ही तीन ट्रान्झिस्टर (बीसी ५४७) घेतले. तिन्ही कलेक्टर एकत्र, तिथून एकच रेझिस्टर पाच व्होल्टला आणि त्याच जागेवरून एक एलईडी ग्राउंडला. प्रत्येकाच्या बेसवर, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायावर, एक बटण. दाबलं की तो ट्रान्झिस्टर बंद.

एका मुलीने पहिलं बटण दाबलं. काही नाही. दुसरंही दाबलं. तरी अंधार. "मॅडम, काहीतरी चुकलंय."

मी म्हटलं, तिसरंही दाब. लाल एलईडी लागला. तिने बोट उचललं, विझला. मग दहा-बारा वेळा तेच करत बसली. मी थांबवलं नाही.

वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री तिघांनी दाबून धरलीय असं समजा. एकाने हात काढला, दुसऱ्यानेही काढला, तरी ती जागची हलत नाही. शेवटचा हात सुटला की मगच उसळते. सर्किटमध्येही एक जरी ट्रान्झिस्टर चालू असला तरी करंट त्यातूनच ग्राउंडला जातो, एलईडीला उरत नाही. रॉसीच्या ट्यूबही अशाच सतत वाहत्या होत्या. एखाद्या गायगर काउंटरकडून (कण आत शिरला की विजेचा ठोका देणारी नळी) पल्स, म्हणजे असा ठोका, आली की त्याची ट्यूब तेवढ्यापुरती बंद. तिन्ही एकदम बंद झाल्या तरच व्होल्टेजची ठळक उडी. गायगर काउंटर आसपासच्या किरणोत्सर्गानेही वाजतच राहतो, त्यातला आकाशातून आलेला कण ओळखायचा कसा? काउंटर एकाखाली एक ठेवायचे आणि तिन्ही जवळजवळ एकाच क्षणी वाजले, म्हणजे एकच कण तिन्हींतून आरपार गेला, तरच मोजायचं. १९२९ मध्ये बोथे आणि कोलहॉर्स्टर हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हेच काम सरकत्या फिल्मवर फोटो घेऊन करत होते. पुढे बोथेने दोन काउंटरसाठी सर्किटही केलं. रॉसीच्या मांडणीत मात्र ट्यूब वाढवत नेल्या की हवे तितके काउंटर जोडता येत. १९३० मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं तेव्हा तो पंचविशीचा होता. काम करत होता फ्लॉरेन्सजवळच्या आर्चेत्रीच्या टेकडीवर, गॅलिलिओने शेवटची वर्षं काढली तिथेच.

या तीन ट्यूबांतून काय काय निघालं! मधे शिशाच्या विटा रचून त्याने दाखवलं की काही कण मीटरभर शिसंसुद्धा पार करून जातात. त्याचा मित्र ओक्कियालिनी हे तंत्र घेऊन केंब्रिजला ब्लॅकेट या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. तोवर क्लाउड चेंबरचे (कणाची वाट वाफेच्या रेघेत दाखवणारी पेटी) फोटो अंदाजाने काढायचे, बरेचसे रिकामेच यायचे. आता कण स्वतःच येऊन कॅमेऱ्याचं बटण दाबू लागला. हे वाक्य वर्गात सांगताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा येतो, आजही आला.

१९३८ चं मात्र वाचवत नाही. पादुआ विद्यापीठात त्याने भौतिकशास्त्राची नवी इमारत उभी करण्यात वर्षं घातली होती. मुसोलिनीच्या सरकारचे वंशभेदाचे कायदे आले आणि ज्यू म्हणून त्याला नोकरीवरून काढलं. नुकतंच लग्न झालेलं. कोपनहेगन, मँचेस्टर आणि मग शिकागो.

त्यानंतरचं त्याचं काम मला सर्वांत जवळचं वाटतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात असताना म्युऑन (आकाशातून आपल्यापर्यंत पोहोचणारा एक अल्पायुषी कण) किती काळ टिकतो ते त्याने नेरेसन या सहकाऱ्याबरोबर मोजलं. सेकंदाचा दोन दशलक्षांश भाग, तो मोजणार कसा? म्युऑन थांबल्याची एक पल्स आणि तो फुटल्याची दुसरी. या दोहोंमधला वेळ त्याने सर्किटमध्ये पल्सच्या उंचीत बदलला, मग उंची मोजणं सोपं. १९४३ मध्ये उत्तर आलं २.१५ मायक्रोसेकंद. आजचा आकडा २.२ च्या जवळ आहे. ट्यूबांच्या जमान्यात!

जेवताना ह्यांना म्हटलं, "तळहात आडवा धरा, मिनिटभरात पन्नासेक म्युऑन आरपार जातील." त्यांनी खरंच धरला. काही जाणवत नाही म्हणाले. नाहीच जाणवणार.

पुढे एक्स-रे खगोलशास्त्राच्या सुरुवातीलाही तोच होता. १९९३ मध्ये तो गेला आणि १९९५ च्या डिसेंबरात सोडलेल्या एक्स-रे उपग्रहाला नंतर त्याचं नाव दिलं. आपल्या टीआयएफआर या मुंबईतल्या संशोधन संस्थेत ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहासाठी बनवलेल्या एक्स-रे काउंटरमध्ये उलटी युक्ती आहे: दोन ठिकाणी एकदम पल्स आली तर ती बहुधा एक्स-रेची नाही, कणाची, टाकून द्या. एकदम आलं का, हा प्रश्न मात्र तोच. मुलांना हे सांगायचं राहून गेलं, तास संपला. उद्या आधी हेच.

ब्रेडबोर्ड मोडू दिला नाही, कपाटात तसाच ठेवलाय. त्या मुलीला चौथा ट्रान्झिस्टर जोडून बघायचाय.