रोइंग मशीन, सायकल आणि पाठीत भरलेली उसण

जून लागला की आमच्या बेळगावात सायकल काढायची म्हणजे अवघडच, पिरनवाडीच्या पुढं रस्ता कुठला आणि खड्डा कुठला ते पाण्यात कळत नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडं तर पाऊस एकदा बसला की चार-चार दिवस उठायचं नाव घेत नाही. दरवर्षी या चार महिन्यांत कमावलेला दम जायचा आणि दिवाळीनंतर परत पहिल्यापासनं सुरुवात. म्हणून गेल्या वर्षी जिममधलं रोइंग मशीन धरलं, बसून पायानं ढकलत, नाव वल्हवल्यासारखं हँडल ओढायचं ते.

आणि पहिल्याच पंधरवड्यात पाठ घालवून बसलो. हँडल ओढलं की मशीनमधला पंखा फिरतो, त्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका असतो तो मी थेट १० वर लावला, जास्त आकडा म्हणजे जास्त व्यायाम असं वाटलं. रविवारी सकाळी पाऊस उघडला म्हणून राजहंसगड चढून आलो आणि संध्याकाळी वर ४० मिनिटं मशीन ओढलं. सोमवारी तोंड धुवायला वाकलो तर पाठीत अशी उसण भरली की बेसिन धरून तसाच उभा, आई बाहेरनं विचारायली काय झालं रे, आणि मला उत्तर द्यायला श्वास घेता येईना.

फिजिओ मॅडमनी जे सांगितलं ते सायकलवाल्या प्रत्येकानं ऐकावं असं आहे. सायकलवर दोन-तीन तास आपण पुढं वाकलेलेच असतो, जांघेतले स्नायू आखडतात, मांडीचे मागचे पण आवळलेले असतात. तसंच उठून मशीनवर बसलं की हँडलसाठी पुढं जाताना खुबा वळतच नाही, मग सगळा बाक खालच्या मणक्यांत येतो आणि नेमक्या त्या वाकलेल्या अवस्थेत आपण जोर लावतो. शिवाय रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळं उठल्यावर पहिला तासभर वाकणं पाठीला जास्त जड जातं. म्हणजे पहाटे पाचला उठून सव्वापाचला मशीनवर, हे माझं बंद.

पण "खुब्यातनं वाका" म्हणजे काय ते मला कळलं आईकडनं. आई खानापूरकडची, लग्नाआधी भात लावणीला उभी राहिलेली. मी आरशासमोर वाकायची प्रॅक्टिस करायलो होतो ते बघून म्हणाली, "कमरेत मोडू नको रे, जांघेतनं वाक की," आणि स्वयंपाकघरात करून दाखवलं, गुडघे किंचित सैल, बैठक मागं, पाठ फळीसारखी आणि हात खाली रोप लावल्यासारखे. आता लावणीत बायकांच्या पाठी दुखतातच, दिवसभर वाकल्यावर कुणाची नाही दुखणार, पण ते वाकणं मी डोळ्यात धरून ठेवलंय.

मशीनवर आता क्रम एकच, ढकलताना आधी पाय, मग पाठ खुब्यातनं मागं, शेवटी हात. परत येताना उलटं, हात, पाठ, पाय, आणि हात गुडघ्यांच्या पुढं गेल्याशिवाय गुडघे उचलायचे नाहीत. ही एकच गोष्ट पाळली तरी पाठीचं निम्मं काम होतं असं माझं मत आहे. जिममध्ये बरेच जण याला हाताचा व्यायाम समजतात, त्यांनी आपल्या चांदवड तालुक्यातल्या दत्तू भोकनळचे व्हिडिओ बघावेत, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्यानं दोन वल्ह्यांनी नाव हाकायच्या शर्यतीत, १३ वा आलेला माणूस, जोर कुठनं येतोय ते लगेच दिसतं.

खटका आता ४ वर. तो आकडा म्हणजे वजन नव्हे, पंख्यात हवा किती शिरू द्यायची तेवढंच तो ठरवतो, बाकी तुम्ही जेवढं जोरात ढकलाल तेवढं मशीन अडवतं. समोरनं वारा असताना सायकलवर कसं होतं तसंच. ५०० मीटरला अडीच मिनिटं लागली तर साधारण १०४ वॅट, तेच २ मिनिटांत करायचं तर २०३, जवळजवळ दुप्पट! म्हणून आकड्याच्या मागं लागून फॉर्म सोडायचा नाही.

मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी १०-१० मिनिटांचे तीन तुकडे, मिनिटाला १८-२० स्ट्रोक म्हणजे ओढी, मधे उठून दोन मिनिटं चालायचं, सलग ४० मिनिटं नाहीच. शनिवारी मशीनला हात नाही कारण रविवारी सायकल. रोज साईड प्लँक, म्हणजे कुशीवर एका कोपरावर अंग ताठ उचलून धरायचं, आणि गुडघ्या-हातांवर राहून एका बाजूचा हात आणि दुसऱ्या बाजूचा पाय लांब करायचा तो बर्ड-डॉग.

सायकलमध्ये पण दोष निघाला. मित्रानं मागनं व्हिडिओ काढला तर प्रत्येक पेडलला कंबर डावी-उजवी डुलत होती, सीट उंच होती. ८ मिलीमीटर खाली घेतली आणि डुलणं थांबलं.

एक मात्र सांगतो, दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर व्यायाम बंद करून डॉक्टरला दाखवा, आणि लघवीवरचा ताबा सुटल्यासारखं वाटलं तर त्याच तासाला दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका.

गेल्या रविवारी जांबोटीला जाऊन आलो. चढाला मोठा गिअर ठेवला की डावीकडं अजून थोडं ओढतं, म्हणून हलका गिअर आणि दर दहा मिनिटांनी पेडलवर उभं राहून कंबर पुढं काढायची, एवढं करत पोचलो, आणि घरी येऊन बूट वाकूनच काढले, जांघेतनं.