चॅनेल चाललं, पिन काही येईना

मराठीत विज्ञानाचं यूट्यूब चॅनेल कसं काढायचं, असं सोसायटीतली पोरं हल्ली मला विचारतात. मी आधी उलट विचारते, तुमच्या बिल्डिंगमध्ये तुमच्या आडनावाची अजून किती घरं आहेत? पोरांना वाटतं, पाटीलकाकूंचं काहीतरी बिनसलंय.

चॅनेल काढणं हे एका दुपारचं काम. फोन नंबरची पडताळणी तेवढी करून टाका, नाहीतर पंधरा मिनिटांहून मोठा व्हिडिओ चढत नाही आणि आपलं थंबनेलही (व्हिडिओचं मुखपृष्ठ म्हणून दिसणारं छोटं चित्र) लावता येत नाही. शाळेत चोवीस वर्षं विज्ञान शिकवल्यामुळे काय बोलायचं याची मला चिंता नव्हती. नवी मुंबईत नेरूळला राहते, म्हणून पहिला व्हिडिओ फ्लेमिंगोंवर. ते जन्मतः गुलाबी नसतात, पिल्लं करडी असतात. खाडीतलं शैवाल आणि बारीक जीव खाऊन त्यांतली कॅरोटिनॉइड्स नावाची रंगद्रव्यं पिसांत उतरतात, तेव्हा कुठे रंग चढतो. एकशे बारा जणांनी पाहिला. त्यातले निम्मे सासरचे.

चॅनेल चालायला लागलं ते शून्य सावलीच्या व्हिडिओने. आमच्याकडे १५-१६ मेच्या सुमारास दुपारी बारा पस्तीसला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, सावली दिसेनाशी होते. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडून आदल्या रात्रीच आणून ठेवली होती. स्टीलचा पेला पालथा घातला आणि मोबाइल वर धरला. पेल्याच्या कडेला सावलीची नखाएवढी कोर होती, ती बारीक होत होत पेल्याखाली शिरली. पायाला चटके बसत होते म्हणून मी मध्येच ‘आई गं’ म्हटलं, ते कापायचं राहून गेलं आणि लोकांना तेच आवडलं. हा योग जुलैच्या अखेरीस पुन्हा येतो, पण तेव्हा इथे ढगांपुढे सूर्य कुठला दिसायला!

जाहिरातींचे पैसे मिळायचे तर १००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४००० तास पाहिलं गेलेलं हवं. मला वीस महिने लागले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती पुढची. कमाई १० डॉलरवर पोचली की पत्ता खरा आहे हे तपासायला अ‍ॅडसेन्सकडून, म्हणजे जाहिरातींचे पैसे देणाऱ्या गुगलच्या सेवेकडून, पिन येतो. मेसेजने नाही, मेलने नाही, टपालाने! साध्या टपालाने, कागदावर छापून. मला वाटलं मुलगा थट्टा करतोय. ‘आई, खरंच पोस्टाने येतो, दोन ते चार आठवडे लागतात,’ तो पुण्याहून म्हणाला. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती बंद. दिवाळी नुकतीच झाली होती. मी कॅलेंडरवर खूण केली आणि वाट बघायला लागले.

तीन आठवडे गेले. खाली जिन्याजवळ आमच्या पत्रपेट्या आहेत, निम्म्यांची दारं गंजून उघडीच. रोज संध्याकाळी भाजी घेऊन येताना हात घालून बघायचे. वीजबिल, मॉलचं पत्रक, एकदा पाल. दुसरा पिन मागवला. मग पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईंनी नंबर विचारला.

‘कसला नंबर?’

‘रजिस्टर असेल तर नंबर असतो. साधं टपाल कसं शोधू मी?’

मुद्दा बिनतोड होता, म्हणून जास्तच चीड आली. मग त्या म्हणाल्या, पत्त्यात नेरूळ लिहिलंय ना? नुसतं सेक्टर १० लिहिलं तर वाशीतही आहे, सानपाड्यातही आहे, कोपरखैरण्यातही आहे. लिहिलं होतं. तरी घरी येऊन तीनदा तपासलं. शाळेत पोरांनी उत्तरपत्रिकेवर रोल नंबर लिहिला नाही की मी केवढी ओरडायचे, ते आठवत होतं.

पोस्टमनकाकांना जिन्यात गाठलं. ते म्हणाले, ‘मॅडम, पाटील नावाचं जे येतं ते मी टाकतो. पेटी उघडी असली तर वॉचमनकडे देतो.’ वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, वर दिलं. वर म्हणजे कुठे? ‘पाटलांकडे.’ आमच्या बिल्डिंगमध्ये आम्ही धरून तीन पाटील आहेत. त्या वेळी हे माझ्या डोक्यात शिरलं नाही, हे कबूल करते. मी त्याच्यावरच वैतागले आणि तिसरा पिन मागवला.

या काळात मी एकही व्हिडिओ केला नाही. प्रेशर कुकरचा लिहून तयार होता (शिटी बसलेली असताना आत पाणी १०० नव्हे, १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते). पण मन लागेना. तुम्ही असं करू नका. पिन येईल तेव्हा येईल, चार महिने जाहिराती चालूच असतात.

संक्रांतीनंतर चौथ्या मजल्यावरच्या पाटीलवहिनींकडे हळदीकुंकवाला गेले. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर चुंबकाखाली एक पांढरा घडीचा कागद, कडेला फाडायची पट्टी तशीच शाबूत. मागच्या बाजूवर वहिनींच्या अक्षरात दुधाचा हिशेब. चुंबक काढून उलटा केला तर माझं नाव.

‘अगं बाई, तुमचं का ते! मला वाटलं जाहिरात आहे, कागद चांगला जाड होता म्हणून ठेवला.’

एकोणसत्तर दिवस! रागावू म्हटलं तर हातात त्यांचंच वाण. घरी येऊन पट्टी फाडली, आत सहा आकडे. पण हा पहिला पिन, त्यानंतर दोन मागवलेले, म्हणजे हा आता रद्द असणार, असं धरून मी मुलाला फोनवर ऐकवत बसले. तो म्हणाला, टाकून तर बघ. टाकला. लगेच हिरवी खूण! नंतर वाचलं, कितीही वेळा मागवला तरी आकडे तेच येतात. हे आधी वाचलं असतं तर तिसरा मागवायचा ताप वाचला असता. तुम्ही वाचा.

हां, अमेरिकेतल्या करासाठी डब्ल्यू-८ बेन नावाचा फॉर्म भरायचा असतो, त्यात पॅन घाला. आणि आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद, खिडकी बंद, मी तर गाद्या ठेवतो त्या खोलीत बसते. हे आधी सांगायला हवं होतं.

पैसे अजून आलेले नाहीत. १०० डॉलर झाल्याशिवाय बँकेत जमा होत नाहीत, आणि माझे झालेत एकतीस. कुकरचा व्हिडिओ मात्र त्याच आठवड्यात टाकला.

तिसरा पिन फेब्रुवारीत आला, थेट माझ्या पेटीत, तेच सहा आकडे. दुसरा कुठे गेला कोण जाणे, दुसऱ्या मजल्यावरच्या पाटलांना अजून विचारलेलं नाही. दुधाच्या हिशेबाचा फोटो काढून मी वहिनींना पाठवला. पाठवण्याआधी सवयीने बेरीज करून बघितली, गवळ्याने दोन लिटर जास्त लावलं होतं.