तुम्ही विचारलेत म्हणून: जुन्या संगणकाला कोणता मॉनिटर घ्यावा?

‘जुन्या संगणकाला चालणाऱ्या एका नव्या मॉनिटरचे नाव सांगा,’ असे मला सतत विचारले जाते. संगणक कोणता आणि त्यावर काय चालवणार, असे मी उलट विचारले की समोरच्याला वाटते, मी टाळतो आहे. मी टाळत नाही, पण एक नाव मला खरोखरच सांगता येत नाही.

केबल जुळवणे हा यातला किरकोळ भाग आहे. अमिगा ५०० हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक किंवा सीजीए हे आयबीएम पीसीचे सुरुवातीचे रंगीत चित्राचे कार्ड सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी पाठवते, १९८७ साली आलेल्या व्हीजीए या पुढच्या चित्रपद्धतीने हा आकडा साधारण दुप्पट केला, आणि आजचे बहुतेक मॉनिटर ३० किलोहर्ट्‌झच्या खालचा, म्हणजे सेकंदाला ३०,००० पेक्षा कमी ओळींचा, सिग्नल स्वीकारतच नाहीत. बेनक्यू बीएल७०२ए सारखे अपवाद आहेत. एरवी मध्ये ओएसएससीसारखा, ओळींची संख्या वाढवून देणारा कन्व्हर्टर लावावा लागतो. ‘मग तोच लावतो, प्रश्न मिटला,’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुढचे लिहितो आहे.

माझ्या पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला ५० चित्रे (५० हर्ट्‌झ) पाठवणाऱ्या अमिगाचे चित्र कन्व्हर्टरमधून नव्या मॉनिटरवर आले तेव्हा ते इतके रेखीव होते की पाहणाऱ्यांनी माझे अभिनंदनही केले. मात्र एका डेमोमधली (चित्र-संगीताची करामत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधली) खालून सरकणारी अक्षरांची पट्टी ठरावीक अंतराने अडखळत होती. मी केबल बदलली, पॉवर सप्लाय बदलला, जुन्या कपॅसिटरांवर संशय घेतला, आणि या सगळ्या काळात मॉनिटरचा मेनू शांतपणे ‘५० हर्ट्‌झ’ असे सांगत होता. तोच अमिगा सीआरटीला, म्हणजे काचेच्या नळीच्या जुन्या मॉनिटरला, जोडल्यावर पट्टी लोण्यासारखी सरकली. शेवटी मी मॉनिटरचे सेकंदाला २४० फ्रेमच्या वेगाने चित्रीकरण केले, तेव्हा दिसले की बहुतेक चित्रे चार फ्रेम (म्हणजे सेकंदाचा साठावा भाग) टिकत होती आणि दर पाचांतले एक आठ फ्रेम टिकत होते. म्हणजे मॉनिटर ५० हर्ट्‌झ घेत होता, पण दाखवत ६० नेच होता. उत्पादकाला लिहिले, तर ‘५० हर्ट्‌झ इनपुट चालते’ एवढेच उत्तर आले, आणि संतापजनक गोष्ट अशी की ते शब्दशः खरे होते. हे माहितीपत्रकात छापलेले नसते, त्यामुळे मी न तपासलेल्या मॉनिटरची शिफारस करत नाही. याला कोणी आडमुठेपणा म्हणणार असेल तर म्हणावे.

अर्थात केवळ हिशेबाची पत्रके उघडणाऱ्याला ही अडखळ कधीच दिसणार नाही. त्याला वेगळा त्रास होईल: व्हीजीएचा ७२० × ४०० चा, ७० हर्ट्‌झचा मजकूर अनेक मॉनिटर ६४० × ४०० समजतात आणि अक्षरे पुसट करतात. सीजीएवाल्याचा तपकिरी रंग शेवाळी पिवळा होईल, कारण गडद पिवळ्यातला हिरवा कमी करून तपकिरी बनवण्याचे काम आयबीएमच्या मूळ मॉनिटरमधले सर्किट करत असे, आणि ते ज्ञान प्रत्येक कन्व्हर्टरला नसते.

पूर्वी मी ‘सीआरटीच घ्या’ म्हणून मोकळा होत असे. तेव्हाच्या त्या ‘मी’ला आज विचारावेसे वाटते, की ते अवजड धूड ठेवायचे कुठे आणि त्याचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर (नळीला उच्च दाबाची वीज देणारा भाग) गेला तर दुसरा आणायचा कुठून? तो जुना मी सरकत्या पट्टीकडे बोट दाखवील, आणि त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही. तूर्त डेमो मी सीआरटीवर पाहतो, बाकीचे एलसीडीवर करतो.