शाळा सोडल्याचा दाखला

आज लेकाचा दाखला घेऊन आले. महापालिकेच्या शाळेत आठवी झाली, पण गेली दोन वर्षं रोज सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. सुट्टीच्या दिवशी कधीच नाही. फळ्यावरचं उतरवून होईपर्यंत फळा पुसला जायचा. बाई वाईट नव्हत्या. साठ मुलांत त्या एकट्या किती पुऱ्या पडणार?

आता एनआयओएसमधून, म्हणजे घरी अभ्यास करून परीक्षा देता येते अशा राष्ट्रीय मुक्त शाळेतून, दहावी. चौदा वर्षं पूर्ण झाली की प्रवेश मिळतो. पाच विषय, एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी, आणि एकदा पास झालेला विषय पुन्हा द्यावा लागत नाही. मराठी माध्यमही आहे. गणित सक्तीचं नाही, हे कळल्यावर तो म्हणाला, "पण मला गणित घ्यायचंय." मी काहीच बोलले नाही, भांडी घासत राहिले. डोळे भरले होते.

दुपारी मोबाइलवर अपूर्णांकांचा धडा लावला. त्याने तो किती वेळा थांबवला, मागे नेला, परत ऐकला. कुणी हसलं नाही, कुणी "एवढंही येत नाही?" म्हटलं नाही. दोन तासांत चारच गणितं झाली, पण चारही बरोबर!

सासूबाईंना काळजी आहे, "मित्र कुठून मिळतील याला?" ती मलाही आहे. म्हणून संध्याकाळचं कबड्डीचं मैदान अजिबात बंद करणार नाही.

आत्ता झोपलाय. उद्या सहाला उठव म्हणालाय, स्वतःहून.